चित्रकाच्या शेजारी गाजर

सकाळी फिरायला जाते तिथे धरमपेठेतल्या आम्हा निवृत्त बायकांचा एक घोळका असतो. कोणी बँकेतून सुटलेली, कोणी शाळेतून, कोणी पोस्टातून. नवीन बाई आली की प्रत्येकीला विचारते, तुम्ही काय करत होतात? माझी पाळी आली की मी म्हणते, "मी मुळं वाढवत होते."

"कशाची?"

"औषधी झाडांची."

"अय्या, मग झाडं कुठं आहेत?"

"झाडं नाहीत. नुसती मुळं."

यावर कोणीतरी हळूच आपल्या गुडघ्यांचा विषय काढते. जन्मभर हे काम केलं, पण ते पहिल्या दमात समजलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी पानं दिलीच आहेत आणि मध्येच उठून जायची सोय तुम्हाला नाही, तर एकदाचं सांगून टाकते.

चित्रक तुम्ही पाहिला असेल. कुंपणाच्या कडेला उभं असलेलं साधं झुडूप, पांढरी फुलं, फुलाचा देठाकडचा भाग बोटांना चिकटतो. वैद्यांना त्याचं मूळ हवं असतं. ते इतकं तिखट की नुसतं वाटून कातडीला लावलं तर फोड येतो. आता पान तोडलं तर नवीन पान येतं, फूल तोडलं तर नवीन फूल येतं, पण मूळ काढलं की झाडच गेलं. इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानात चित्रकाच्या मुळांची पोती रचलेली दिसली की मी मनात हिशेब करायची. एका पोत्यामागे किती झुडपं उपटली असतील! म्हणून आमचा खटाटोप असा, की झाड न मारता नुसतं मूळ मिळवता येईल का?

येतं. मातीत एक जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तो तिथून आत शिरतो, आपली थोडीशी जनुकं झाडाच्या पेशीत घुसवतो आणि झाड त्या जागी मुळं फोडत सुटतं. बारीक, दाट, केसांच्या गुंत्यासारखी. ती कापून साखर आणि क्षार घातलेल्या पाण्यात सोडली की त्यांना माती नको, पान नको, ऊन नको. बाटलीतल्या बाटलीत वाढत राहतात. आमचे हे त्यांना जावई म्हणायचे. "आयतं खाऊन अंग धरतात, अन् वेळच्या वेळी जागा बदलून नाही दिली तर रुसून काळे पडतात," असं त्यांचं म्हणणं. आम्हाला दोन मुली आहेत, हे इथे सांगायला हवं.

आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे वनस्पतिशास्त्र विभागामागची जुनी सामानाची खोली. बाटल्या निर्जंतुक करायचं मोठं यंत्र सुरुवातीला नव्हतं, म्हणून मी इतवारीत जाऊन सगळ्यात मोठा प्रेशर कुकर आणला. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "बाई, शादी का घर है क्या?" मी म्हटलं, "नाही भाऊ, बाटल्या उकडायच्या आहेत." त्यानं लगबगीनं कुकर स्वतः रिक्षात ठेवून दिला. जॅमच्या रिकाम्या बाटल्या साऱ्या नातेवाइकांकडून गोळा केल्या. खोलीत यायचे नियम माझे होते आणि कडक होते. केसात गजरा नाही. अत्तर नाही. आणि बाटलीचं तोंड उघडं असताना बोलायचं नाही, कारण बोलण्याबरोबर तोंडातले जंतू उडतात. दिवसभर तोंड चालवणारी मी बाई, माझ्यासारखीला या नियमानं किती छळलं असेल, विचारू नका.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. मुळं फुटली की त्या जिवाणूचं काम संपतं, पण तो जात नाही. मुळांवर बसून राहतो आणि बाटलीतली साखर खाऊन पाणी गढूळ करतो. त्याला मारायला आम्ही बाटलीत प्रतिजैविक घालायचो, दवाखान्यात इंजेक्शनमधून देतात तेच. मी घराजवळच्या औषधांच्या दुकानातून ते आणायची. दुकानातला पोरगेला मालक दरवेळी विचारायचा, "मावशी, पेशंट कोण आहे?" मी एकदा वैतागून म्हटलं, "गाजर." तेव्हापासून तो माझ्याशी फार अदबीनं वागू लागला.

गाजर मी गमतीनं म्हटलं नव्हतं. फ्रीजमधला तो जिवाणू जिवंत आहे की मेला, हे पाहायची आमच्या धंद्यातली सोपी रीत म्हणजे गाजराची चकती. चकतीवर त्याला सोडायचं, आणि काही दिवसांनी चकतीच्या अंगावर पांढरी मुळं उगवली की समजायचं, गडी कामाचा आहे. त्यामुळे आमच्याकडे चित्रकाच्या बाटल्यांशेजारी गाजराच्या मुळांच्याही बाटल्या कायम असत. त्यांना कोणी विचारत नसे.

मुळं वाढली की खरा प्रश्न यायचा. बाटलीतल्या या लाडावलेल्या मुळांत जंतू मारायची ताकद आहे का? त्याची परीक्षा साधी असते. काचेच्या बशीत अगरचा थर ओतायचा, तो खरवसासारखा जमला की त्यावर गळवात पू करणारे जंतू पसरायचे, आणि मुळांच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली मधे ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरते. टिकलीभोवती स्वच्छ गोल जागा राहिली असेल, तर अर्कात दम आहे. त्या गोलाला आम्ही कडं म्हणायचो. सकाळी उबदार पेटीतून बशी काढून उजेडाकडे धरायची आणि आधी कडं शोधायचं. नोकरीतलं बाकी काही परत नको, पण ती एक सकाळ कोणी परत दिली तर मी आजही साडी बदलून तयार होईन.

अर्चना माझ्याकडे आली ती काटोलहून. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची, घरची संत्र्यांची बाग, पदरात एक लहान मुलगी. पीएच.डी.साठी रजा काढून रोज बसनं नागपूरला यायची. बोलायला कमी, हाताला स्थिर. माझ्या उलट, म्हणूनच जमलं असावं. चित्रकाची मुळं तिच्या हातात अशी काही वाढली, की बाटलीतून काढताना चिमट्याला जड लागत. आणि कडं? पहिल्यांदा पडलं तेव्हा मी बशी घेऊन विभागभर नाचले. एवढं मोठं, एवढं स्वच्छ कडं आमच्या खोलीत कधी पडलं नव्हतं.

तिचे बाबा एकदा संत्र्यांची पिशवी घेऊन आले. खमके, हसतमुख गृहस्थ. बाटल्यांसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"मॅडम, ह्या मुळ्या बिना मातीच्या वाढून राहिल्या?"

"हो."

"अन् जंतू मारते?"

"मारतात असं दिसतंय."

"मंग माह्या संत्र्याच्या खोडाले डिंक सुटून राहिला, त्याले लावता येईन का हे पाणी?"

मी म्हटलं, इतक्यात नको, अजून बरंच सिद्ध व्हायचंय. ते लेकीकडे वळले. "काहून वं, तू तर म्हने झालं सारं?"

"झालंच आहे, बाबा. लिहायचंच राहिलं," अर्चना म्हणाली. आणि खरंच तसं होतं. नोंदणीची मुदत तिनं एकदा वाढवून घेतली होती, आता पुन्हा मिळणार नव्हती. उन्हाळा संपला की तिची रजाही संपणार. तेवढ्यात प्रबंध विद्यापीठात गेला तर गेला, नाहीतर इतक्या वर्षांचं काम बासनात आणि बाई परत काटोलला, जशी होती तशी. नोंदणी सोडायची वेळ आलेल्या मुली मी आधी पाहिल्या होत्या. त्या नंतर विभागाच्या रस्त्यानंही फिरकत नाहीत.

लिहिता लिहिता एक दिवस ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात बशी.

"मॅडम, एक पाहा ना."

बशीत दोन टिकल्या होत्या. दोन्हींभोवती सारखंच देखणं कडं.

"छान आहे की! दुसरी कोणती मुळं?"

"गाजराची."

मला आधी हसूच आलं. "अगं, मग हलवा खाऊन लोक बरे नाही का झाले आजवर?" म्हणाले, आणि ते वाक्य अर्धं तोंडात असतानाच मी बशी तिच्या हातून ओढून घेतली. गाजराच्या मुळात जंतू मारण्यासारखं असं काही नसतं. मग कडं कशानं पडलं? चित्रक आणि गाजर, दोन्हींना एकच पाणी प्यायला दिलेलं. त्या पाण्यात औषधांच्या दुकानातलं प्रतिजैविक. मुळांनी ते पिऊन साठवलं, अर्कात उतरवलं, आणि बशीतले जंतू त्यानं मारले. आमच्या चित्रकानं नाही. अर्क काढायच्या नुसत्या द्रवाची कोरी टिकली आम्ही दरवेळी शेजारी ठेवत होतो, तिला कडं पडत नव्हतं, म्हणून निर्धास्त होतो. दुसऱ्या कुठल्या फालतू मुळाला त्याच वाटेनं आणून शेजारी ठेवावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं.

"हे कधी सुचलं तुला?" मी विचारलं.

"मुलीचा डबा करून राहिली होती, मॅडम. गाजर किसता किसता वाटलं, याच्या मुळ्या तर आपल्याजवळ आहेतच, लावून पाहावं." आणि मग ती रडायला लागली. "काहून लावलं मी? नसतं लावलं तर बरं झालं असतं ना?"

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार? मला तिचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी तिच्याबरोबर रडूही येत होतं.

आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. माणूस वाईट नव्हता, उलट मुलांच्या भल्याचाच विचार करायचा. दार लोटून घेऊन म्हणाले, "मॅडम, हे गाजर थिसिसमधे कायले पाहिजे? साऱ्या जगात लोक असेच अर्क लावून राहिले. कोणी विचारते काय? पोरगी फुकट मरून जाईन. जाऊ द्या ना, सबमिट करा."

मी चिडले. पण खरं सांगते, घरी जाताना रस्ताभर तेच डोक्यात घोळत होतं. जाऊ द्यावं का? पोरीचं नुकसान कशाला? शेवटी मी अर्चनालाच विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, माह्या बाबांनी हे पाणी झाडाले लावायचं विचारलं होतं. उद्या कोणी गळवाले लावलं तर?" आणि अ‍ॅप्रन घालून आत गेली. विषय संपला.

मग सुरू झाला तो उन्हाळा. प्रतिजैविक बंद करून मुळं धुवून काढायची, म्हणजे औषध न घातलेल्या साखरपाण्यात पुन्हा पुन्हा वाढवायची. पण प्रतिजैविक बंद केलं की लपून बसलेला जिवाणू डोकं वर काढायचा. संध्याकाळी स्वच्छ ठेवलेली बाटली सकाळी गढूळ. रोज सकाळी अर्चना फळीसमोर उभी राहून बाटल्या उजेडाकडे धरायची आणि गेलेल्या एकेक बाजूला काढायची. यावर उपाय एकच, मुळाचं अगदी टोक तेवढं कापून पुढे न्यायचं. टोक जोरात वाढतं, जिवाणू मागे राहतो. पण ते टोक म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान.

त्यात नागपूरचा मे महिना. वीज जायची, एसी बंद पडायचा, खोली तापायची आणि मुळं तपकिरी व्हायची. विभागप्रमुखांना आमची दया आली. आम्ही जेवायला गेलो असताना त्यांनी स्वतःच्या खोलीतला कूलर ढकलत आणून, इन्व्हर्टरला जोडून, आमच्या दारात लावून दिला. "वाळ्याचे नवीन टट्टे आहेत, मॅडम, मस्त थंड होते." अहो, कूलर! ओल्या टट्ट्यातली सगळी बुरशी फूत्कारत बाटल्यांवर! मी असा आरडाओरडा केला की शेजारच्या प्राणिशास्त्रवाल्यांना वाटलं, साप निघाला. बिचारे सर कूलर घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बर्फाच्या लाद्या पाठवल्या, मुकाट्यानं. त्या बादल्यांत ठेवून आम्ही वेळ निभावली.

शेवटी एकच वाण वाचला. एका टोकापासून वाढलेला, ज्याच्या बाटल्या कितीही दिवस ठेवा, पाणी आरशासारखं. त्याचा अर्क काढला, गाजराच्या तशाच धुतलेल्या मुळांचा काढला, शेजारी शेजारी लावला. सकाळी बशी पाहिली. गाजराभोवती काही नाही. चित्रकाभोवतीही काही नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी खोलीच्या पायरीवर चहा घेऊन नुसत्या बसलो होतो. ती बोलायला बंदी नसलेली जागा. मी म्हटलं, "अर्चना, या मुळांना तिखट व्हायचं कारणच काय? खायला साखर आहे, कोणी कुरतडायला नाही. कोणी शत्रूच दाखवला नाही आपण त्यांना."

मूळ मातीत असतं तेव्हा बुरशी त्याच्यावर चाल करून येते, आणि मूळ आपलं रसायन जास्त बनवतं, हे पुस्तकातलंच. बाटलीत खरी बुरशी सोडता येत नाही, पण मेलेल्या यीस्टचा अर्क घालून मुळाला फसवता येतं. अर्चनानं चहा तसाच ठेवला आणि उठली. तिनं घातला, गाजरालाही. काही दिवसांत बाटलीतलं पाणी पिवळसर झालं, तेव्हाच माझ्या डोळ्यात पाणी आलं, कारण तो पिवळा चित्रकाच्या रसायनाचा.

बशीत कडं पडलं. आधीच्यापेक्षा कितीतरी लहान, एका अंगाला चेपलेलं. गाजराभोवती जंतूंची साय टिकलीला लागून. मी त्या दिवशी नाचले नाही. अर्चनाच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही दोघी त्या बशीकडे बघत राहिलो.

रजा संपायच्या आत प्रबंध गेला. त्यात गाजराचं प्रकरण होतं, जुन्या मोठ्या कड्याचे आणि नव्या लहान कड्याचे फोटो समोरासमोर लावून. विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही दोघी म्हणजे ना!" पण सही त्यांनी झोकदार केली.

आज ती खोली संगणकांची आहे. मी निवृत्त होताना तो वाण पुढच्या माणसाच्या हाती दिला होता, पण दर काही आठवड्यांनी नवीन पाण्यात हलवायला माणूस लागतो, आणि तो माणूस कोणी झाला नाही. मुळं गेली. मला हे मनाला लागलं आहे, अजून लागतं, आणि त्यावर कोणी समजूत काढू नये.

पण तोंडी परीक्षेचा दिवस राहिलाच. बाहेरगावचे परीक्षक आले होते, याच विषयातलं मोठं नाव. त्यांची स्वतःची मोठी प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांची फौज. मागच्या बाकावर अर्चनाचे बाबा इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसलेले. परीक्षकांनी प्रबंध उघडला आणि सरळ गाजराच्या पानावर आले. बराच वेळ ते फोटो पाहत राहिले. विभागप्रमुखांनी माझ्याकडे 'बघा, सांगितलं होतं' असं पाहिलं.

"म्हणजे आधीची दोन वर्षांची निरीक्षणं तुम्ही स्वतःच रद्द केलीत?"

"हो, सर." अर्चना फळ्याशी उभी होती, हातातल्या खडूचा चुरा झालेला.

"आणि हाती आलं ते एवढंसं कडं?"

"हो, सर. पण हे चित्रकाचं आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. पुसला. मग पुढचा प्रश्न न विचारता "एक मिनिट" म्हणत उठले आणि फोन काढून व्हरांड्यात गेले. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अर्चना माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"तो पेपर पाठवलास का? नाही ना? मग थांबव. हो, आजच. अरे, मी सांगतो ते कर. मुळांना प्रतिजैविक दिलं होतं ना आपण? मग कोणालातरी बाजारात पाठव आणि आधी गाजरं आण."

ते आत आले. खुर्चीत बसले, प्रबंध मिटला, त्यावर हात ठेवला. अर्चना अजून फळ्याशी तशीच उभी, पुढच्या प्रश्नाची वाट पाहत.

"डॉक्टर, बसा आता," ते म्हणाले.

अर्चनानं मागे वळून पाहिलं, खोलीत कोण डॉक्टर आलं म्हणून.